अर्जदाराची वीत

तुरुंगाला माल पुरवणाऱ्या ठेकेदाराने माझ्या लातूरच्या दुकानातून अख्खी ब्लँकेटं नेली आणि तुरुंगात मधोमध कापून दोघांत एक अशी वाटली. हे मला जामिनावर सुटलेल्या जळकोटच्या एका माणसाने सांगितलं. तुरुंगातल्या हालांविरुद्ध त्याचा हायकोर्टात अर्ज आहे. त्यामुळे चहात साखर कमी पडली तरी तो म्हणतो, "अर्जदाराची हरकत हाय." दुकानात येतो, ब्लँकेटं वितीनं मोजतो, घेत एकही नाही.

"सुटलात न्हाई का? मग कशाला मोजायलात?" मी विचारलं.

"बाकीचे आतच हायत, शेठ. पाय झाकले की छाती उघडी पडती."

मग त्याने अर्जाला जोडायला माझं प्रतिज्ञापत्र मागितलं. ठेकेदारासारखं मोठं गिऱ्हाईक तुटेल म्हणून मी तासभर हुज्जत घातली. शेवटी सही केली. मी अख्खीच विकली होती. कात्री कुणी चालवली, ते आता ठेकेदाराने कोर्टात सांगावं.