वाढलेला बोल्ट

गल्लीच्या टोकाला पत्र्याचं एक गॅरेज होतं आणि त्या गॅरेजवाल्याला सगळे ‘वाढवे’ म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. लहानपणी त्याच्या आईने त्याला एकच गोष्ट कान पिळून शिकवली होती : घरात तुटलं, फुटलं, मोडलं असं बोलायचं नाही, वाढलं म्हणायचं. बांगडी वाढली, कप वाढला, आरसा वाढला. आई गेली, शिकवण राहिली, आणि ती त्याने घरातून थेट गॅरेजात आणली. क्लचची वायर वाढली, पंख्याचा पट्टा वाढला, सायलेन्सर मधोमध वाढला. नवं गिऱ्हाईक हमखास गोंधळायचं. एका बाईंनी ‘आरसा वाढलाय’ हे ऐकून ‘मग तो पलीकडच्या बाजूला लावून टाका’ असं सांगितलं होतं. जुनी गिऱ्हाइकं सरावली होती. वाढवे गंभीर चेहऱ्याने ‘इंजिन वाढलंय’ म्हणाला, की ती मुकाट्याने बस धरून घरी जात.

माणूस कामाचा पक्का. त्याचं घोडं अडलं होतं ते फक्त सासऱ्यांपाशी.

सासरे एका कारखान्याच्या भांडाराचे स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले होते. लग्न झाल्यापासून ते जावयाशी थेट एक अक्षर बोलले नव्हते. भांडण असं काही नव्हतं. मुलीने आपल्याला न विचारता नवरा निवडला, तेव्हा आपण त्याच्याशी न बोलता राहायचं, असा त्यांचा सरळ हिशोब. जावई समोर बसलेला असला तरी ते मुलीकडे वळून म्हणत, “त्यांना सांग, पंखा कमी करा.” जावई पंखा कमी करी आणि बायकोला म्हणे, “बाबांना सांग, केला.” ती बिचारी दोघांच्या मधोमध बसून फक्त मान हलवायची.

तिच्या घरी ते कधी जेवले नव्हते. ती मात्र दर रविवारी एक ताट जास्त मांडायची आणि जेवणं झाली की पुसून परत फळीवर ठेवायची. न वापरलेलं ताट पुसायचं काय, असं वाढवेने एकदाच विचारलं होतं. तिने ते आणखी एकदा पुसलं, आणि पुढच्या रविवारपासून फळीवरून ते ताट तोच काढून देऊ लागला.

आणि एके दिवशी सासऱ्यांच्या जुन्या गाडीतून पाणी गळायला लागलं. मुलीमार्फत निरोप आला : “त्यांना सांग, पाण्याचा पंप बघा. पण माझ्या गाडीतली एकही वस्तू तुटता कामा नये. तसं जमलं, तर येत्या रविवारी तुमच्याकडे जेवीन.”

वाढवेने गाडी घेतली ती देवाचं नाव घेऊनच. पंपाचे बोल्ट एकेक करून सुटले. शेवटच्याला पाना लावला, हलक्या हाताने जोर दिला, आणि कट्‌ असा बारीक आवाज झाला. बोल्टाचं डोकं आणि निम्मा दांडा त्याच्या हातात आला. उरलेला निम्मा इंजिनाच्या पोटात, भोकाच्या तोंडापासून बोटभर आत, पकडीला दाद देणार नाही असा. इंजिन ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, वर इतक्या वर्षांचा गंज. दोघांचा संसार असा घट्ट जमलेला की काडीमोड होईना.

बायकोने फोनवर विचारलं, “झालं का?”

“एक बोल्ट वाढलाय,” तो म्हणाला. “वेळ लागेल.”

तिला अर्थ कळला. पण वडिलांचा फोन आला तेव्हा तिच्याही तोंडून तेच निघालं. इतक्या वर्षांत तिच्या जिभेलाही त्या शब्दाचं वळण पडलं होतं. “बाबा, एक बोल्ट वाढलाय म्हणे.”

सासऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला. भांडारात त्यांनी आयुष्यभर एकच तत्त्व पाळलं होतं : माल कमी भरला तर चोरी, जास्त भरला तर त्याहून मोठी चोरी. वाढला म्हणजे उरला. गाडी खोलली तेव्हा जेवढे बोल्ट होते तेवढेच जोडताना लागायला हवेत. एक उरला, याचा अर्थ गाडीत कुठेतरी एक भोक रिकामं आहे आणि जावयाला ते सापडत नाहीये. त्यांनी बॅटरी घेतली, भिंग घेतलं आणि गॅरेज गाठलं.

मधे बोलायला मुलगी नव्हती. गॅरेजात होता तो जावई, आणि दाराशी टांगलेला एक गुळगुळीत टायर. सासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि टायरकडे वळले.

“त्यांना सांग, उरलेला बोल्ट दाखवा.”

वाढवे चपापला. मग त्यानेही टायरकडे तोंड केलं. “बाबांना सांग, उरलेला नाही. वाढलेला.”

“तेच म्हणतोय मी. त्यांना सांग, शब्दांशी खेळू नका.”

तुटला म्हणावं तर आईची शिकवण मोडते, शिवाय रविवारचं जेवणही जातं. वाढवेने तोंडाला कुलूप घातलं आणि डोकं असलेला अर्धा बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला. सासऱ्यांनी भिंगातून बघितला. “आखूड आहे,” ते टायरला म्हणाले. “जागाही बारकी असणार. मी शोधतो.”

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. इकडे वाढवे इंजिनाशी झटत होता : भोकाभोवती गॅसची ज्योत फिरवायची, तापलं की मेणबत्ती टेकवायची म्हणजे मेण वितळून आट्यांत झिरपतं, गार होऊ द्यायचं, तेल सोडायचं, टोकदार पंच धरून टकटक करायची, पुन्हा ज्योत. ड्रिल लावायला मन धजत नव्हतं. ड्रिल जरा तिरकं गेलं तर इंजिनच वाढायचं. आणि तिकडे सासरे आखूड बोल्ट हातात धरून गाडीचं भोक न्‌ भोक तपासत होते. दाराच्या बिजागऱ्या झाल्या, सीटखालच्या पट्ट्या झाल्या, डिकी झाली. एकदा त्यांनी तो सिगारेट पेटवायच्या भोकात घालून बघितला आणि टायरला सांगितलं, “इथला नाही.”

शनिवारी त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं. वाढवे नुकताच ज्योत देऊन, मेण लावून हात पुसत होता.

“त्यांना सांग,” सासरे वाकल्या वाकल्या म्हणाले, “इथे एक भोक रिकामं आहे. पंपाच्या जागेवर. यांना दिसलं कसं नाही?”

“बाबांना सांग, ते…” वाढवे बोलायला गेला आणि अडला. पुढचा शब्द त्याच्या तोंडात येणारा नव्हता. तोवर सासऱ्यांनी बोल्ट भोकात सरकवला, पाना उचलला आणि दाबून धरून तो घट्ट करायला घेतला.

आता सासऱ्यांची एक गंमत सांगायला हवी. डावं-उजवं फिरवण्याच्या बाबतीत त्यांचं डोकं जन्मापासून उलटं चालायचं. ते नळ बंद करायला गेले की पाणी धो धो वाहायचं. त्यांनी उघडायला घेतलेली बरणी शेवटी शेजारच्या पैलवानाकडे जायची. तेव्हा त्यांनी घट्ट करायला घेतला, म्हणजे खरं तर ते सोडवत होते. आत दोन्ही तुकड्यांचे दात एकमेकांत बरोब्बर बसले, कारण ते एकमेकांचेच होते. मेण मुरलं होतं, तेल मुरलं होतं. पाना अडखळला आणि फिरला.

“बसतोय,” सासरे टायरला म्हणाले. “सांग त्यांना, छान बसतोय.”

दिशा वाढवेला दिसत होती. तो नुसता दोन्ही हात हवेत धरून उभा होता, सायकल शिकणाऱ्या पोरामागे बाप उभा राहतो तसा.

सासऱ्यांनी पाना काढला तर डोकं हातात आलं, आणि भोकातून दुसराच एक दांडा वर डोकावत होता. वाढवेने झेप घेऊन तो पकडीत धरला आणि अलगद फिरवत बाहेर काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासरे मात्र हादरले. “हे काय? एक वाढला होता, आता दोन झाले.”

सासऱ्यांनी एक तुकडा दुसऱ्यावर टेकवला. रेघसुद्धा दिसू नये असे ते जुळले. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“म्हणजे हा तुटला होता,” ते टायरला म्हणाले.

“वाढला होता,” वाढवे टायरला म्हणाला.

सासऱ्यांनी जुळवलेला बोल्ट तळहातावर फिरवला. मग हळूच म्हणाले, “त्यांना सांग, गाडी गळायला लागली तेव्हा हा सैल करून बघायला मी भरपूर जोर लावला होता. पान्याला पाइप घालून. तसूभर हलला नाही.”

वाढवेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सैल करायला! बोल्टाचा जीव कोणी घेतला होता ते त्याला कळलं, आणि एक शब्दही न बोलता त्याने नवा बोल्ट लावला. सासऱ्यांनी दोन्ही तुकडे रुमालात बांधले. जाताना टायरला निरोप दिला : “भांडारात दोन अर्धे मिळून एक धरतात. हिशोब जुळला. उद्या येतो म्हणावं.”

रविवारी ते ताट पहिल्यांदा भरलं. सासरे जेवले, पण बोलले नाहीत. जेवण उरकत आलं आणि पाण्याचा पेला घ्यायला जाताना त्यांचा काचेच्या बशीला धक्का लागला. बशी खाली पडली आणि तिचे चार तुकडे झाले. ती बायकोच्या आवडीची होती.

सासऱ्यांनी इकडे तिकडे बघितलं. मुलगी स्वयंपाकघरात होती, टायर गॅरेजात होता. मग त्यांनी मान वर केली आणि थेट जावयाच्या डोळ्यांत बघितलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “वाढली.”

आतून बायको भाताचं पातेलं घेऊन लगबगीने आली. “काय वाढू बाबा?” तिने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता तिने दोघांच्याही ताटात भात वाढला.