दोन टेबलांमधली चार बोटं

अर्धे बटाटे सोलून झाले होते, अर्धे अजून मातीतच होते, तेवढ्यात मागच्या, मासे खारवायच्या मिठाच्या खोलीत वाजायला लागलं आणि जेमसिना वॉटचा हात थांबला.

तिच्या घरात रेडिओ नव्हता, टीव्ही नव्हता. सभेच्या, म्हणजे त्यांच्या छोट्या कडक ख्रिस्ती पंथाच्या, कुणाच्याच घरी नसतो. रविवारी सभागृहात नुसत्या गळ्याने म्हटलेली स्तोत्रं, एवढंच गाणं तिने जन्मभर ऐकलेलं. आणि आज तिच्याच भिंतीपलीकडे चार वाद्यं वाजत होती. त्यातलं एक तिच्या रोडाचं.

रोडा तिची एकुलती एक. अठराव्या वर्षी व्हायोला, व्हायोलिनचं थोरलं भावंड, शिकायला ग्लासगोला गेली आणि सभेतून बाहेर झाली. सभेचा नियम साधा होता: जो बाहेर गेला, किंवा मुळात बाहेरचाच, त्याच्याबरोबर भाकर मोडायची नाही. प्रभूच्या मेजावर नाही आणि घरच्याही नाही. बोलायला हरकत नाही, वाढायला हरकत नाही, पण पंगत एक नको. तेव्हा जेमसिनाचा नवरा सँडी याने जुन्या होडीच्या फळ्या तासून एक छोटं टेबल केलं आणि ते मोठ्या टेबलाशेजारी मांडलं. मध्ये आपला पंजा आडवा धरून चार बोटांची फट ठेवली. "पोटच्या पोरीला उंबऱ्यावर जेवायला बसवणार नाही, आणि नियमही मोडणार नाही," म्हणाला. बंदरावर त्याचं नावच झालं. सँडीने दोन्ही सांभाळलं, लोक म्हणाले. रोडा वर्षातून एक-दोनदा यायची, त्या छोट्या टेबलावर जेवायची आणि जायची. गेल्या वर्षी आलीच नाही.

आज आली ती तिघांना घेऊन. संध्याकाळी टेकडीवरच्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. हॉलची किल्ली ज्याच्याकडे होती तो सकाळपासून सापडेना, म्हणून सरावाला मिठाची खोली. सँडी धक्क्यावर भावाची होडी रंगवायला गेला होता. अंधार पडेपर्यंत येत नाही, असं सकाळी त्याने दोनदा सांगितलं होतं. एकदा सांगून भागलं असतं.

भिंतीपलीकडे तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा सुरू होत होता आणि अडत होता. मग एका मुलाचा आवाज आला. "अडीचशे वर्षं हे कुणी का वाजवलं नाही, ते आता कळतंय मला!"

"तुझ्या चुका मेलेल्या रचनाकाराच्या माथी मारू नकोस, फर्गस," रोडा म्हणाली. "पुन्हा घे."

पुन्हा घेतलं. या खेपेला अडलं नाही. वरचे सूर धावत होते, आणि खाली एकच सूर लांबत होता, थकलेल्या माणसाने दोर धरून ठेवावा तसा. तो रोडाचा, हे जेमसिनाला न सांगता कळलं. चांगलं की वाईट, ते तिला ठरवता येईना. वाद्यं ऐकायची नाहीत, हे तिला माहीत होतं. कान झाकून घ्यावेत, तर हात मातीने भरलेले. तिने पुढचा बटाटा उचलला.

दुपारी चौघं आत आली. नोव्हेंबरचा वारा त्यांच्याबरोबरच आत शिरला. फर्गस चेलो वाजवणारा, अंगाने आडवा, तोंडाने मोकळा. बाकीची दोघं, इओना आणि लॅकलन, व्हायोलिनवाली. आणि रोडा. वाळली होती पोरगी. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते.

"काकू, वासानेच जीव गेला माझा," फर्गस म्हणाला. धुरी दिलेला हॅडक मासा, दूध, बटाटा, कांदा; पातेलं चुलीवर खदखदत होतं.

"अजून नाही ना गेला? मग बस," जेमसिना म्हणाली. "खाऊन मर."

सगळे हसले, रोडासुद्धा. मग तिची नजर छोट्या टेबलाकडे गेली आणि हसू विरलं. तिथे चार वाडगे होते, मोठ्या टेबलावर एक. इओनाने ते पाहिलं, पण विचारलं नाही. ग्लासगोची मुलं, त्यांना वाटलं असेल, या घरात अशीच पद्धत.

जेमसिनाने वाढलं, ओटच्या कडक भाकऱ्या ठेवल्या, डोळे मिटून प्रभूचे आभार मानले, आणि आपल्या टेबलावर, आपल्या खुर्चीवर बसली. रोडाची खुर्ची अगदी शेजारी, मध्ये ती फट.

"तुझा तो लांब सूर," ती हळूच म्हणाली. "कायम तेवढंच असतं तुला?"

"व्हायोलाला कोण विचारतं, आई? आपल्या सभेतल्या बायकांसारखं. गप्प बसून धरून ठेवायचं."

"रात्री दुसरंही आहे, काकू," लॅकलन म्हणाला. "नवं, आमच्या बरोबरीच्या पोरीनं लिहिलेलं. त्यात सगळा बोलबाला हिचाच. याल ना ऐकायला?"

रोडा वाडग्यात बघत म्हणाली, "आई येत नसते. आणि या टेबलावर माझं हे शेवटचं जेवण, आई. तिशी आली माझी. पुढच्या वेळी तुला बघायला येईन, पण जेवून येईन."

जेमसिनाने उत्तर जुळवायच्या आत फर्गस भाकरीसाठी वाकला, त्याचं कोपर लॅकलनच्या वाडग्याला लागलं, सूप सांडलं. "अरे, चार माणसं या पाटावर कशी मावणार? थांबा," असं म्हणत त्याने मांडीने एक रेटा दिला. छोटं टेबल सरकलं आणि मोठ्याला जाऊन टेकलं. लाकडावर लाकूड. फट गेली.

"फर्गस!" रोडा उभीच राहिली. "मागे ओढ ते! आत्ता!"

"का? काय झालं?"

"ओढ म्हणते ना! आई, ऊठ. आई, तू ऊठ आधी."

बारा वर्षं हीच पोरगी भांडली होती, एकदा तरी माझ्याबरोबर जेव म्हणून. आणि आता तिचेच डोळे खिडकीकडे लागले होते, गल्लीतून कुणी जातंय का बघत. जेमसिनाने हे पाहिलं. उठायला हवं होतं, वाडगा घेऊन चुलीपाशी गेली असती तरी झालं असतं. फर्गसला काय माहीत? नकळत घडलेलं प्रभू पोटात घालतो.

"खाली बस," ती म्हणाली. "निवेल."

रोडा बसली. तिचं कोपर आईच्या कोपराला लागलं, गरम होतं. जेमसिनाने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. का, ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रोडाच्या डोळ्यांतलं पाणी सुपात पडत होतं आणि ती जेवत होती.

दार उघडलं. सँडी रंगाचा दुसरा डबा विसरला होता. तो उंबऱ्यात थांबला, दोन्ही टेबलांकडे बघितलं, बायकोच्या हातातल्या चमच्याकडे बघितलं. डबा घेतला आणि दार हळूच लावून घेतलं.

निघताना रोडाने आईचे खांदे धरले. "बाबांना सांग फर्गसने ढकललं म्हणून. खोटं नाहीये ते. सांगशील ना?"

"तू जा. तुझे लोक खोळंबलेत."

रात्री वारा समुद्राकडून टेकडीवर चढत होता. कार्यक्रमातला एक सूरही खाली आला नाही. चौघं तिथूनच गाडीने पुढे निघून गेली.

सँडीने त्या रात्री अन्नाला हात लावला नाही. उद्या रविवार, आणि पोटात लपवलेली गोष्ट घेऊन त्याला भाकर मोडता येत नव्हती. चाळीस वर्षांत त्याने तसं केलं नव्हतं. "मला सांगावं लागेल, मीना," एवढंच म्हणाला; एकट्यात तो तिला याच नावाने हाक मारायचा.

"सांग. तुला कोण अडवतंय?"

सोमवारी दोन भाऊ आले. भाऊ म्हणजे सभेतले. पण त्यातला बेंजामिन सँडीचा सख्खा थोरला भाऊसुद्धा होता. तो वाईट माणूस नव्हता. जेमसिनाच्या बाळंतपणात बर्फातून डॉक्टरला आणायला तोच गेला होता. टोपी गुडघ्यावर ठेवून तो बसला, चहा घेतला नाही.

"त्या परक्या पोराने टेबल ढकललं. बरोबर?"

"बरोबर."

"तुझी त्यात इच्छा नव्हती."

"ढकलण्यात नव्हती."

बेंजामिनने श्वास सोडला. "मग झालं तर. तू लगेच उठलीस, एवढं सांग बाई, आणि आपण प्रार्थना करून विषय मिटवू." तो जवळजवळ विनवत होता. सँडी दारापाशी उभा होता, मान खाली. एक शब्द हवा होता. "हो" म्हटलं असतं तर पुढच्या रविवारी ती आपल्या बाकावर असती, आणि मेल्यावर याच लोकांच्या खांद्यावरून गेली असती.

"नाही उठले, बेंजामिन," ती म्हणाली. "दुसरा घास घेतला. तिसराही. वाडगा रिकामा होईपर्यंत तिच्याबरोबर जेवले."

"पश्चात्ताप होतो ना तुला?"

तिला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते शोधायला वेळ लागत होता. "शनिवारपासून रोज मागते आहे," ती म्हणाली. "अजून दिलेला नाही प्रभूने."

दुसरा भाऊ उठून उभा राहिला. बेंजामिन मात्र बसूनच राहिला. त्याला टोपी उचलायला बळ लागलं.

पुढच्या रविवारी सँडी एकटा सभेला गेला; जेमसिना आता सभेबाहेर होती. समोरच्या घरातली हॅना, जिच्याकडे जेमसिनाचं लोणीसाखरेचं देणंघेणं रोजचं, तिने पडदा ओढून घेतला. जेमसिनाने घरात बसून दोन स्तोत्रं म्हटली. एकटीचा आवाज फार मोठा वाटला, म्हणून तिसरं मनातच म्हटलं. देवावर तिचा राग नव्हता. रोडाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, सगळं ठीक आहे, बाबा ठीक आहेत. त्या चौघांचे कार्यक्रम मार्चपर्यंत लागले होते. हे ओझं मानेवर घेऊन पोरीने वाजवायचं कसं?

सँडीने परत आल्यावर छोटं टेबल पुन्हा बाजूला ओढलं. पंजा आडवा धरला, मोजून धरला. या खेपेला छोट्या टेबलावर बायको होती. तिने त्याला वाढलं, मग स्वतःला घेतलं. तो भिंतीकडे बघून जेवला.

"बेंजामिन म्हणतो," तो म्हणाला, "भांडीसुद्धा... म्हणजे, एका पाण्यात नकोत."

"चमचासुद्धा?"

"चमचासुद्धा."

"बरं," जेमसिना म्हणाली, आणि त्याची ताटली उचलून मोरीत ठेवली.

सकाळच्या बसने तिला शेजारच्या मॅकडफ गावी जायचं होतं, स्वतःपुरती एक ताटली, एक वाडगा आणि एक चमचा आणायला.