मिशिगन सरोवराचा नारळ

मिशिगन सरोवरावरच्या क्रूझला यायला आईची एकच अट होती: निघताना पाण्याला नारळ द्यायचा. ती अलिबागची. नारळाशिवाय बोट सुखरूप परत येते यावर तिचा विश्वास नाही. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून नारळ आणला; बोटीवर चढल्यावर कळलं की पाण्यात काहीही टाकायला मनाई आहे.

मी म्हणालो, “आई, हे गोडं पाणी. याला नारळ लागत नाही.”

“पलीकडचा काठ दिसतोय का तुला?”

दिसत नव्हता. बोट सुटली तशी ती केबिनमध्ये जाऊन बसली. आता आठवडाभर ती भिंतच बघणार, अशी चिन्हं होती.

संध्याकाळी कप्तानाचा स्वागतसमारंभ होता. पांढरा गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि हस्तांदोलनासाठी तीर्थाला लागते तशी रांग. आईला मिनतवारीनं नेलं. आमची पाळी येताच तिनं पर्समधून नारळ काढून त्याच्या हातात ठेवला.

“सांग त्याला, पाण्याला देऊ देत नाही, तर तूच सांभाळ.”

मी सांगितलं. आपल्याकडे नारळ हातात देतात तो नोकरीवरून काढताना, एवढं गाळलं.

मघापासून मंत्र्यासारखा हसणारा तो माणूस गंभीर झाला. “वादळासाठी आहे का?” त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. “मग सुकाणूजवळ ठेवतो.”

सकाळी वारा सुटला, बोट डुलू लागली. आई डेकवर खुर्चीत आरामात बसली होती. मी कठडा घट्ट धरून उभा होतो.

“बस रे,” ती म्हणाली, “त्याच्याकडे आहे ना.”