खिडकीतून टाकलेला अर्ज

नाशिकच्या स्टँडवर मी रांगेत उभी राहिले आणि कळवणची गाडी डोळ्यांदेखत भरून निघून गेली. रांगेत मी एकटीच होते! मुंबईने मला रांग शिकवली, पुण्याने मागच्या दाराने चढायला शिकवलं. इथे आधी खिडकी. रुमाल, टोप्या, कोथिंबिरीची जुडीसुद्धा खिडकीतून आत पडत होती. वस्तू पडेल ती सीट त्याची. सार्वजनिक गाडीत ही कसली जहागिरी? आमच्या संघटनेच्या पुढच्या पत्रकाचा मथळा मनात तयार झाला.

पण मला बाराच्या आत कळवणच्या एसटी कचेरीत अर्ज द्यायचा होता. कॉलेज सुटल्यावर मुलींना गावी पोचवायला संध्याकाळची गाडी हवी. त्यासाठी दारोदार फिरून जमवलेल्या सह्या. नवं वेळापत्रक आजच ठरणार होतं.

दुसरी गाडी लागली. वणीला निघालेल्या एक मावशी माझ्यावर ओरडल्या, "अगं, उभी काय ऱ्हायली? टाक ना काहीतरी!"

हातात होतं ते टाकलं. सह्यांचा गठ्ठा!

दारात अशी रेटारेटी, की मी मागे फेकले गेले. दार लागलं, गाडी हलली. अर्ज कळवणला निघाला, मला न घेता. मी बोंबलत धावले.

आतून मावशींचा आवाज आला, "ओ कंडक्टर, कागद आत हायेत, पोरगी बाहेर हाय!" मग अख्खी गाडीच ओरडली. घंटी वाजली. गाडी थांबली.

मी चढले. दारापर्यंत माणसं उभी, आणि गठ्ठ्याखालची सीट रिकामी!

सीटला टेकून उभ्या एका म्हाताऱ्यांना मी विचारलं, "काका, तुम्ही का नाही बसलात?"

"दुसऱ्याची जागा हाय ना ती. कसं बसायचं?"

मथळा गिळला मी.

"कसले कागद गं?" मावशींनी विचारलं. सांगितलं. "माझी नात जीपला लोंबकळत येती. आण इकडं पेन!" दिंडोरी गेली, द्राक्षबागा गेल्या, पेन पार शेवटच्या सीटपर्यंत गेलं. वणीला उतरताना मावशींनी माझ्या ओंजळीत भत्ता (तिखट चुरमुरे) ओतला.

पावणेबाराला कळवणच्या कचेरीत साहेबांनी कागद उलटले. "या सह्या वाकड्या का?"

"धावत्या गाडीत केल्यात. परतायला संध्याकाळची गाडी असती, तर सगळ्यांनी इथे येऊन सरळ केल्या असत्या."

ते हसले नाहीत. पण शिक्का मारला आणि अर्ज बैठकीच्या फायलीत ठेवला. गाडी मिळाली नाही, तर मी पुन्हा येणार. आता चढायचं कसं ते कळलंय.

परतीची गाडी लागली तशी मी खिडकीतून ओढणी टाकली आणि बाळ घेऊन मागे थांबलेल्या बाईंना म्हटलं, "सावकाश चढा. जागा धरलीय."