पाडव्याचा नारळ

रामदासला विमानाचं कौतुक कधी वाटलंच नाही. गिरगाव चौपाटीवरचे लोक माना वर करून पाण्यावर उतरणारं ते छोटं विमान मोबाइलमध्ये टिपत. रामदास मात्र खाली बघत असे. त्याचं कामच तसलं. साठी उलटलेला हा लालबागचा माणूस. बाप मालवणला होडीवरचा तांडेल, याची स्वतःची हयात गोदीतल्या लाँचवर गेली. निवृत्त झाल्यावर जरा पाय पसरावेत म्हटलं, तर या विमानाच्या कंपनीनं बोलावलं. विमान यायच्या आधी लाँच फिरवायची, पाण्यात तरंगतंय ते उचलायचं आणि वायरलेसवर सांगायचं, "साफ आहे."

तरंगायला काय, मुंबईचा समुद्र आहे! ओंडके, गणपतीचे पाट, निर्माल्याच्या पिशव्या. विमान इतकं खालून येतं की चुकलं तर सावरायला जागाच उरत नाही, आणि त्याच्या खालच्या पोकळ पायांना त्या वेगात ओंडका काय, दगड काय, सारखंच. पाणी तेलासारखं शांत असलं की आणखी पंचाईत, कारण पाणी नेमकं कुठे सुरू होतं तेच पायलटला कळत नाही. मग रामदास लाँच आडवी पळवून लाटा उठवी. चार वर्षं हेच. डोळे चुरचुरत, कंबर धरे, आणि "साफ आहे" म्हणण्याआधी दर वेळी तो आणखी एक फेरी मारी. विमान उतरलं की टाळ्या पायलटला.

दिवाळी पाडव्याला हंगामाची पहिली फेरी होती. सकाळी आठला लाँचची पूजा झाली. मॅनेजर अभय सर जेटीवर नारळ फोडणार, इतक्यात रामदासच मधे पडला. "फोडू नका सर. दर्याला अख्खा द्यायचा असतो." चार वर्षांत पहिल्यांदाच त्याचं कुणी ऐकलं. सरांनी नारळ त्याच्याच हाती दिला, फोटोवाला पुढे सरसावला, आणि रामदासनं फुशारकीनं तो हळदकुंकवाचा नारळ पाण्यात सोडला.

बाप सांगायचा, नारळ ओहोटीला द्यावा. भरतीचा दर्या दिलेलं परत आणतो. आता तर भरती चढत होती. हे आठवेपर्यंत नारळ दिसेनासा झाला होता.

विमान दहाला येणार होतं. तोवर रामदास वेड्यासारखा लाँच फिरवत राहिला, पण नारळ काही सापडेना. डोक्यावर घरघर सुरू झाली.

"काका, साफ बोला ना! वर पाहुणे बसलेत," वायरलेसवर अभय सर.

"नाय बोलणार सर. नारळ आहे पाण्यात."

"कुणी टाकला?"

दुसऱ्या कुणाचं नाव सांगणं सोपं होतं. "मी. सकाळचा, आपलाच."

"एका नारळासाठी विमान परत पाठवू?"

"पाठवा."

विमान जुहूला परतलं. जेटीवर अभय सर ओरडलेसुद्धा नाहीत, तेच रामदासला जास्त लागलं. त्यांनी जॅकेट आणि वायरलेस काढून घेतलं. "थकलात तुम्ही काका. आता घरी आराम करा." बाराच्या फेरीला लाँच दुसऱ्या खलाशाकडे, कुशाबाकडे दिली. कुशाबा माणूस चांगला, पण "साफ आहे" म्हणायला त्याला कधीच जड जात नसे.

थकला तर रामदास होताच. किती थकलाय, हे जॅकेट उतरल्यावर कळलं. वाळूतून पाय ओढत तो निघाला, आणि भरतीच्या काठाला, फेसात, नारळ पडलेला दिसला. कुंकू धुऊन गेलेलं, शेंडी शाबूत.

त्यानं जेटीकडे पाहिलं. दाखवून उपयोग काय? नारळ पाण्यात नव्हताच, असं म्हणायला ते मोकळे. त्यानं बायकोला, कौसल्येला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"नोकरी गेली ती गेली," ती म्हणाली. "पण अवो, दर्याक दिलेलो नारळ घराक आणू नकात."

घरी न्यायचा नाही. परत पाण्यात टाकायची तर सोयच नाही. रामदास तिथेच वाळूत बसला, नारळ मांडीवर घेऊन.

बाराला विमान आलं. आज पाणी साफ आहे हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारा तो एकटा होता, आणि सांगायला वायरलेस नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मान वर केली. विमान खाली खाली आलं, पाणी कापत गेलं, डुललं, थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामदासचे हात मात्र नारळावरून सुटेनात.