बहात्तर पावलांवरचा विहार

रत्नमालेच्या मागच्या दारापासून विहाराच्या पायरीपर्यंत बहात्तर पावलं आहेत. हा आकडा तिचा. मीही रोज त्याच वाटेनं जाते, पण पावलं मोजायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. वाट नालीला वळसा घालून जाते म्हणून एवढी तरी. सरळ धरलं तर तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि विहाराची भिंत यांच्यामध्ये एक बोळ आहे, बस्स.

आम्ही चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीत राहतो. रत्नमाला सानगडीची. बारावी झाली आणि त्याच उन्हाळ्यात अंकुशशी लग्न होऊन इकडे आली. त्या वर्षी विहार समितीचे अध्यक्ष आनंदराव यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि वर्षावासात ग्रंथ कोण वाचणार असा प्रश्न होता. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनच्या पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसहाला वंदना होते आणि मग तासभर ग्रंथाचं वाचन. नवी सून उठली, पदर सारखा केला आणि वाचायला बसली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

ती ओळीवर बोट ठेवत नाही. पान उलटायच्या आधी मान वर करून सगळ्यांकडे एकदा बघते. कोणाला समजलं नसेल तर ते तिला चेहऱ्यावर दिसतं आणि ती तेवढा भाग पुन्हा वाचते. ललिताबाईंसाठी तर नेहमीच. ललिताबाई म्हणायच्या, "मले पहिल्या बारीलेच समजते वो. पण दुसऱ्या बारीले तुयं वाचणं जास्त गोड लागते."

तिची सासू मंगलाबाई. तीस वर्षं खाणीवर माल निवडायच्या कामाला होती, म्हणजे मँगनीज वेगळं आणि दगड वेगळा काढायचा. नवरा खाली भुयारात. तो जाऊन बरीच वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी मंगलाबाईला विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग वार गेले, मग नवरा वारल्याचंही गेलं. पाळीचा भोंगा वाजला की ती उठायची, मिळेल तो डबा हातात घ्यायची आणि चालू लागायची. एकदा अनवाणी खाणीच्या फाटकापर्यंत गेली. चौकीदारानं ओळखलं म्हणून घरी आली.

तेव्हापासून रत्नमालेचं घराबाहेर पडणं संपलं. बाजार अंकुश करायचा. माहेरी ती दोन वर्षांत एकदाच गेली, भावाच्या साखरपुड्याला, आणि जेवणाची पंगत उठायच्या आत परतली. तिचा मुलगा सुगत भंडाऱ्याला हॉस्टेलात आहे, त्याची खोलीसुद्धा तिनं पाहिलेली नाही.

एक तास तेवढा तिचा राहिला होता. वर्षावासात आम्ही पाच बायकांनी वार वाटून घेतले होते. जिची पाळी तिनं साडेसहाला मंगलाबाईजवळ जाऊन बसायचं आणि रत्नमालेनं विहारात जायचं. माझा सोमवार आणि गुरुवार. खोटं कशाला लिहू, तो तास मला जड जायचा. वाचन बुडायचं, आणि मंगलाबाई दर दोन मिनिटांनी विचारायची, "पाळी सुटली का?" मी माझी वही घेऊन जायची, पण एक ओळ धड लिहून व्हायची नाही. आणि अंकुश रोज संध्याकाळी मोकळा असताना त्यानंच आईजवळ बसावं, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मागच्या वर्षी विहाराला मोठा टीव्ही दान आला. सुगतनं नवा लॅपटॉप घेतला म्हणून त्याचा जुना अंकुशकडे आला. अंकुशला अशा गोष्टींची आवड. त्यानं घरात इंटरनेट घेतलं, स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याचं यंत्र ठेवलं, विहारातल्या टीव्हीला तळहाताएवढा एक डबा लावला. मग आम्हाला बोलावून दाखवलं. लॅपटॉप त्याच्या घरात, आणि त्यावरचा व्हिडिओ विहारातल्या टीव्हीवर. मध्ये वायर नाही, काही नाही.

मग सोय अशी ठरली. दुपारी मंगलाबाई झोपली की रत्नमालेनं लॅपटॉपसमोर बसून त्या दिवसाचा भाग वाचायचा आणि तो व्हिडिओ करून ठेवायचा. संध्याकाळी वंदना झाली की तिनं घरातून तो लावायचा आणि आम्ही तो विहारात बघायचा. आता कोणाला पाळीनं बसायला नको. आनंदरावांनी अंकुशला फुलं दिली. सगळ्यांनी साधू साधू म्हटलं. मीही म्हटलं, आणि जरा मोठ्यानंच. त्या दिवशीच्या वहीत मी लिहिलं आहे, "फार चांगली सोय झाली." ते पान मी फाडलेलं नाही.

आठवडाभर आम्हाला नवल होतं. मग ललिताबाई टीव्हीसमोर पेंगायला लागल्या. टीव्हीतली रत्नमाला पान उलटायच्या आधी मान वर करायची, पण ती बघायची लॅपटॉपकडे. कोणासाठी काही पुन्हा वाचायचं तिला कळणार तरी कसं? मध्येच चित्र थांबायचं, गोल चक्र फिरत राहायचं, आणि अंकुश पुढच्या रांगेतून खिडकीकडे तोंड करून हाक मारायचा. मग पलीकडून ती काहीतरी दाबायची आणि तिचं तोंड पुन्हा हलायला लागायचं.

एकदा कढीपत्ता मागायला गेले तर साडेसहा होऊन गेले होते. मंगलाबाई खाटेवर, खुर्चीवर लॅपटॉप, आणि रत्नमाला भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. बोळापलीकडून तिचाच आवाज येत होता. दोघी ऐकत बसलो. मला म्हणाली, "ताई, माया आवाज रोज जाऊन येते. त्याले कोणी अडवत नाही."

तिनं अंकुशला विचारून पाहिलं होतं, की पुन्हा बायांना पाळ्या लावू का. तो म्हणाला, घरात बसून अख्ख्या विहाराले दिसतेस, आणखी काय पाहिजे तुले. आनंदरावांना विचारलं तर ते म्हणाले, बेटा, आता तर लहान लेकरंसुद्धा बसतात. आम्हा बायकांना तिनं विचारलं नाही. विचारावं लागू नये असं आम्हीच वागायला हवं होतं. पण सोय एकदा अंगवळणी पडली की ती कोणाच्या पायात अडकली आहे हे दिसत नाही. तो वर्षावास तसाच गेला आणि यंदाचाही तसाच सुरू झाला.

यंदा भाद्रपदातला एक रविवार. रविवारी विहार भरलेला असतो. वंदना झाली, पंचशील झालं. अंकुशनं रिमोट घेतला आणि टीव्ही लावला. टीव्हीवर रत्नमाला आली नाही. तिची खोली आली. भिंत, खाट आणि खाटेवर बसलेली मंगलाबाई. आवाज काहीच नाही. अंकुश बटणं दाबत होता, तेवढ्यात दारातून रत्नमालाच आत आली. पांढरी साडी, पदर डोक्यावर, थोडी धापा टाकत. बुद्धमूर्तीला वंदन केलं, कपड्यात बांधलेला ग्रंथ सोडला आणि बसली. पूर्वीसारखी आमच्याकडे तोंड करून नाही, टीव्ही दिसेल अशी आडवी बसली.

आनंदरावांना ती शांतपणे म्हणाली की लॅपटॉपचा कॅमेरा खाटेकडे तोंड करून ठेवला आहे, माय मला इथून दिसते, मी वाचते. दाराला बाहेरून कडी घातली आहे. कडी घालायचं अंकुश कितीदा म्हणाला होता आणि तिनं कधी घातली नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं.

अंकुश उठून उभा राहिला. "मायचं प्रदर्शन मांडून राहिली? लाज वाटत नाही तुले?"

"रोज मले पाहत होते," ती म्हणाली, "तवा ते प्रदर्शन नव्हतं?"

तो बसला. तिनं वाचायला सुरुवात केली.

पण ते वाचन नव्हतं. एक ओळ वाचायची, टीव्हीकडे बघायचं, जागा हरवायची, पुन्हा तीच ओळ. बोट ओळीवर ठेवलेलं मी तिचं पहिल्यांदा पाहिलं. आणि ऐकतही कोणी नव्हतं. सगळे वर बघत होते. मंगलाबाईनं मांडीवर गोधडी घेतली होती. तिच्यातून दोन बोटांनी काहीतरी उचलायची, तळव्यावर जरा तोलायची आणि उजवीकडे ठेवायची. पुन्हा उचलायची, तोलायची, डावीकडे.

"माल निवडून राहिली ते," ललिताबाई म्हणाल्या. त्या तिच्या शेजारी बसून पंधरा वर्षं कामाला होत्या. "जड तो आपला, हलका तो दगड. हाताले समजते."

कोणी हसलं नाही.

तेवढ्यात भोंगा वाजला. टीव्हीतल्या मंगलाबाईचे हात थांबले. तिनं पाय खाली सोडले, चपला शोधल्या, उठली आणि चित्राच्या बाहेर गेली. उरली रिकामी खाट. टीव्हीवर सगळं जरा उशिरा पोचतं, त्यामुळे आम्ही तिला उठताना पाहत होतो तेव्हा ती दारापाशी पोचलेलीसुद्धा होती. दारावरचे धक्के टीव्हीतून नाही, बोळापलीकडून खरेखुरे ऐकू आले. पत्र्याचं दार आहे. आवाज घुमतो.

रत्नमाला ग्रंथ मिटत उठायला लागली.

मला लिहायला आवडलं असतं की त्या क्षणी मला करुणेचा अर्थ उमगला. तसं काही झालं नाही. मला ते धक्के ऐकवेनात, आणि मी दाराजवळ बसले होते. उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "तू वाच. मी बसते तिकडं."

कडी काढली. मंगलाबाई दारातच होती, हातात रिकामा डबा. "पाळी सुटली का?" सुटली, म्हटलं, येऊनच राहिले. तिला खाटेवर बसवलं. खुर्चीवर लॅपटॉप होता आणि त्यावरचा बारीक दिवा जळत होता. मी आणि ती दोघी आता सगळ्या विहाराला दिसत असणार. रत्नमालाही वर बघत असणार. हे दिसत राहील तोवर ती मान खाली घालणार नाही, एवढं मला कळलं. मी लॅपटॉपचं झाकण लावलं.

पलीकडून वाचन सुरू झालं. आधी अडखळत, मग लागलं नीट. मध्ये एक परिच्छेद तिनं दोनदा वाचला.

अंकुश चार दिवस तिच्याशी बोलला नाही. समितीची बैठक झाली, पण पाळ्या सगळ्या वारांच्या लागल्या नाहीत. एकीचे गुडघे, एकीची नातवंडं. माझा सोमवार आणि गुरुवार लागले, ललिताबाईंनी रविवार घेतला. तीन दिवस रत्नमाला विहारात वाचते, बाकी दिवस टीव्हीवर दिसते. पाळ्यांचा कागद तिनंच आपल्या हातानं लिहिला आणि शनिवारपुढे अंकुशचं नाव घातलं. आनंदराव हसले, त्यांना वाटलं गंमत केली. ती हसली नाही. कागद विहाराच्या दाराला चिकटवला आहे.

त्याला आता तीन शनिवार झाले. शनिवारी ती साडेसहाच्या आधी पांढरी साडी नेसून मागच्या दारात उभी राहते. वंदना संपेपर्यंत अंकुशची वाट बघते, मग आत जाऊन लॅपटॉप लावते. त्या दिवशी विहारात वाचन पाच-सात मिनिटं उशिरा सुरू होतं. तेवढा वेळ अंकुश पुढच्या रांगेत रिमोट हातात धरून काळ्या टीव्हीकडे बघत बसतो, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे.