तात्यांचा संडास आणि दुबईचा व्हॉल्व

"मिस्त्री, हातातलं काम टाका आन् चला. आमचं तात्या मुरगूडला निघाल्यात."

अण्णा माझ्या दुकानाच्या पायरीवरूनच ओरडत होते. अण्णा म्हणजे गुळाचे व्यापारी, शिवाजी पेठेत नुकतंच दुमजली घर बांधलेले. तात्या त्यांचे वडील. आणि मी दस्तगीर, प्लंबर. बाप गावी निघाला तर माणूस एस.टी. स्टँडवर पळतो, प्लंबरकडं येत नाही. पण ह्या बाप-लेकाच्या भांडणाचं मूळ संडासात होतं.

तात्या गावी बांधावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. उकिडवं बसता येईना. अण्णांनी त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीला लागूनच, कमोडचा संडास करून घेतला. ऐंशी सालाच्या आगंमागं आमच्या पेठेत कमोड म्हणजे अप्रूप. शेजारपाजार बघून गेला. तात्या तेवढे तिकडं बघेनात. "भिंतीच्या अल्याड भाकरी खायाची आन् पल्याड...? श्या!" कसेबसे तयार झाले, तोवर उन्हाळ्यात तिथं खरंच वास मारायला लागला.

म्हाताऱ्यानं मग स्वतःच तोड काढली. खाणंच कमी केलं. अर्धी भाकरी, घोटभर पाणी. पोटात गेलंच नाही तर जायला कशाला लागतंय! महिन्याभरात गालफडं बसली. आणि आता मुरगूडला निघाले होते. तिथं एकट्यानं राहायचं म्हणजे परसाकडं काठी टेकत शेतात जाणं आलं. परत पडले तर उठणार नाहीत, असं डॉक्टर स्पष्ट बोलले होते. अण्णांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

मी गेलो. तात्या बोचकं बांधून खाटेवर बसले होते. "वास बघाया आलाय न्हवं? घ्या की. फुकट हाय."

मी वरच्या बाथरूममध्ये बादली ओतायला लावली आणि खाली तात्यांच्या संडासातल्या न्हाणीच्या जाळीपाशी कान लावून बसलो. गुड गुड गुड, घर्र. कळलं.

त्याचं असं असतं. प्रत्येक न्हाणी-संडासाच्या खाली पाइपला एक बाक दिलेला असतो. आम्ही त्याला ट्रॅप म्हणतो. त्यात तीन-चार बोटं पाणी कायम थांबून राहतं आणि ते गटारातला वास अडवतं. आता वरून बादली ओतली की पाणी पाइपातून धडाधडा खाली येतं आणि जाताना हवा ओढतं. हवा मिळाली नाही तर खालच्या ट्रॅपमधलं पाणीच ओढून नेतं. मग वासाला रान मोकळं. म्हणून पाइपाचं वरचं टोक गच्चीवर उघडं ठेवायचं. त्याला म्हणायचं व्हेंट. पाइपाचं नाकच म्हणा.

गच्चीवर गेलो. व्हेंट होता. त्याच्या तोंडात सिमेंट ठासलेलं.

"हे कुणी केलं?"

"मीच सांगितलं गवंड्याला," अण्णांच्या मंडळी म्हणाल्या. "वर्साच्या चटणीच्या मिरच्या वाळत घातल्यात आन् ह्यो पाइप शेजारी वास सोडतोय. वर्सभर कुणी खायाची ती चटणी? तुमी?"

कोल्हापुरात चटणीपुढं प्लंबरचं काय चालतंय! मी म्हटलं, पाइप आणखी उंच नेऊ. तर तिथं शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी. त्यांच्याशी भिंतीच्या वादावरनं आधीच बोलणं बंद. बाहेरून दुसरीकडं न्यायचा तर घरं एकमेकांना खेटलेली, सुई जायला जागा नाही.

तेव्हा मला आठवलं, माझा चुलतभाऊ दुबईला पाइपलाइनच्या कामावर होता, त्यानं सुट्टीला येताना दोन एअर व्हॉल्व आणले होते. टोपीसारखी वस्तू, आत रबराची चकती. पाइपानं ओढ घेतली की चकती उचलते, हवा आत जाते. ओढ थांबली की चकती बसते, वास बाहेर येत नाही. म्हणजे घरातच पाइपाच्या टोकावर बसवता येतो. पण हा व्हॉल्व हवा घेतो, सोडत नाही. त्यामुळं कुठंतरी एक तोंड उघडं लागतंच. सेफ्टी टँकचा व्हेंट मागच्या बोळात उघडा होता, तो आधी तपासून घेतला.

दोन मापं होती. अण्णांनी लहान उचलला. "ह्यो बसवा. देखणा हाय."

"अण्णा, तो एका बेसिनपुरता. इथं दोन मजल्यांचा पाइप हाय. त्याला मोठाच पाहिजे."

"मोठा दिसतोय कसा बघा की!"

"नाक दिसायला नसतंय अण्णा, श्वास घ्यायला असतंय."

शेवटी मोठा बसवला, वरच्या बाथरूममध्ये छताजवळ, हात पोचेल असा. बादली ओतली. व्हॉल्वनं हळूच 'फुस्स' करून हवा घेतली, खाली ट्रॅप गप्प. मी फुशारलो. अख्ख्या पेठेत असली वस्तू बसवणारा मी पहिला! जाताना दोनदा सांगितलं, "फॉरेनचा माल हाय. नाजूक हाय. जपा."

चौथ्या दिवशी अण्णा परत पायरीवर. "तुमची दुबई फेल गेली, मिस्त्री."

गेलो तर दारात जीप. तात्या पुढच्या सीटवर, काठी गुडघ्यांत धरून. तोंड सुकलेलं.

"तात्या, दहा मिनिटं द्या."

"दिली. धा म्हंजी धाच."

खाली वास येत होता. ट्रॅप कोरडा. चकती अडकली की काय? माप चुकलं की काय? दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो, मान वर केली आणि बघतच राहिलो.

व्हॉल्वला प्लॅस्टिकची पिशवी घातलेली, खालून सुतळीनं करकचून आवळलेली. त्यावर लोकरीची विणलेली टोपी. लाल-हिरवी. वर गोंडा.

"अण्णा, हे काय हो?"

"फॉरेनची वस्तू. अंघोळीच्या वाफंनं खराब व्हईल म्हणून पिशवी घातली. टोपी हिनं विणली."

"तुमीच म्हणालासा की, जपा म्हणून," वैनी म्हणाल्या.

त्या घरात टीव्हीला झालर होती, रेडिओला खोळ होती, नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. माझ्याच व्हॉल्वला उघडं कोण ठेवणार? आणि तो श्वास घेतो हे मी अण्णांना एकदा, तेही भांडता-भांडता सांगितलं होतं. फॉरेनचा आहे हे मात्र जाताना दोनदा. माझी मलाच लाज वाटली.

सुतळी कापली. पिशवी काढली. खाली ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, फरशी धुतली, खिडकी उघडली. वरून एकापाठोपाठ तीन बादल्या ओतायला लावल्या. खाली चिडीचूप. मग जीपपाशी गेलो.

"तात्या, या. तुमच्या नाकानं बघा."

तात्या काठी टेकत आले. दारात उभं राहून लांब श्वास घेतला. परत घेतला. "काय बिघडलं हुतं?"

खोटं बोलायला मार्ग होता. पण मी ती टोपी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी गोंडा बोटांनी फिरवून बघितला. "दुबईचं पावणं थंडीनं कुडकुडत हुतं व्हय?" आणि म्हातारा असा हसला, की काठी सुटायला आली. हसता-हसता डोळे पुसले. मग लेकाकडं वळले. "आरं, नाक-तोंड आवळून वर टोपडं घालतोस? लेका, माझं बी असंच करशील. सोड ती जीप. आन् पानी आन. भांडं नगं, तांब्या आन."

तांब्या त्यांनी उभ्यानंच रिकामा केला. अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पुढं मी असे पुष्कळ व्हॉल्व बसवले. गिऱ्हाईक कौतुकानं विचारायचं, "मिस्त्री, फॉरेनचा काय?"

"छे वो! लोकल हाय, स्वस्तातला."

एकानंही झाकला नाही.